लिसनर नोंदवलाय, पण इव्हेंट येत नाही. नाहीतर दोनदा येतो: कुठून सुरुवात करायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या वजनकाट्यांवर चालणारे जावाचे प्रोग्राम मी सांभाळतो. काही उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आहेत, काही साखर कारखान्यांच्या गेटवर. फोन आला की तक्रार बहुतेक एकाच जातीची असते. काटा नावाचा एक कॉम्पोनंट, म्हणजे प्रोग्रामचा एक सुटा भाग, असतो. तो सिरियल पोर्टवरून वजन वाचतो आणि वजन बदललं की इव्हेंट, म्हणजे बदल झाल्याची सूचना, सोडतो. पडद्यावरचा मोठा आकडा, पावतीचा प्रिंटर, डेटाबेसची नोंद आणि बाहेरचा डिस्प्ले बोर्ड हे सगळे त्याचे लिसनर, म्हणजे ती सूचना ऐकणारे. या जोडणीत कुठंतरी घोळ होतो आणि दोष बिचाऱ्या काट्यावर ढकलला जातो.

खालची उदाहरणं वजनकाट्याची असली तरी इव्हेंट इंटरफेस (लिसनरकडे कोणत्या मेथड हव्यात त्याची यादी) आणि लिसनर नोंदणी असलेल्या कुठल्याही कॉम्पोनंटला हेच लागू आहे. मेथडची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मध्ये जोडरेघ टाकलीय. कोडमध्ये ती सलगच लिहायची.

आधी लक्षणं ओळखा

- इंडिकेटरवर (काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्यावर) वजन दिसतं, कॉम्प्युटरवर आकडा हलत नाही.
- एकदा बटण दाबलं की दोन पावत्या येतात, दुपारनंतर तीन. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला की परत एक.
- सकाळी प्रोग्राम चपळ असतो, संध्याकाळपर्यंत जड होतो.
- सुरू केल्यावर पहिल्या गाडीचं वजन येत नाही, दुसरीपासून येतं.
- लागोपाठच्या दोन गाड्यांचं वजन नेमकं सारखं आलं तर दुसरीची नोंद होत नाही.
- थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं, मग कुणी काही न करता इव्हेंट यायचा थांबतो.
- पडद्यावर आकडा बरोबर, पण डेटाबेसमध्ये नोंद कधी जाते, कधी जात नाही.
- डिझायनरमध्ये (पडदा माउसनं मांडायच्या साधनात) कॉम्पोनंटचे गुणधर्म दिसतात, पण इव्हेंटच्या यादीत आपला इव्हेंट नसतो.
- नवी जार (कंपाइल केलेल्या क्लासची फाइल) टाकली आणि चालता प्रोग्राम ॲब्स्ट्रॅक्ट-मेथड-एरर देऊन पडला.

यातलं आपलं लक्षण कोणतं ते कागदावर लिहून ठेवा. "काटा चालत नाही" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. ऑपरेटरकडून काढून घ्यायचं ते एवढंच: प्रोग्राम बंद-चालू केल्यावर फरक पडतो का? पडत असेल तर बहुतेक वेळा नोंदणी साचलेली असते. पडत नसेल तर वायर, पोर्ट किंवा घोषणा (इंटरफेस आणि नोंदणीच्या मेथड कशा लिहिल्यात ते).

पहिलं: इव्हेंट जन्माला तरी येतोय का

याला खर्च शून्य. जिथं इव्हेंट सोडला जातो त्या मेथडच्या पहिल्या ओळीत लॉगची एक ओळ टाका, आणि लिसनरच्या मेथडच्या पहिल्या ओळीतही एक. एवढ्यानं दुखणं दोन भागांत विभागलं जातं. पहिली ओळ लॉगमध्ये नसेल तर लिसनरकडे बघूच नका. घोटाळा त्याच्या अलीकडे आहे. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर मात्र पुढची सगळी तपासणी तुमच्यासाठी आहे.

पहिलीच ओळ दिसत नसेल तर केबल घट्ट बसलीय का, आणि दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं पोर्ट धरून ठेवलाय का, एवढं आधी बघा. सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडतो. कुणीतरी काटा तपासायला टर्मिनलचा प्रोग्राम उघडून तसाच ठेवलेला असतो.

त्यानंतरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जुन्या जावा कम्युनिकेशन्स एपीआयमध्ये (जावातून सिरियल पोर्ट वापरायच्या लायब्ररीत) लिसनर नोंदवणं पुरेसं नाही. नोटिफाय-ऑन-डेटा-अव्हेलेबल ही मेथड 'खरं' देऊन बोलवावी लागते, नाहीतर डेटा येत राहतो आणि लिसनर गप्प बसतो. व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या एमएस-कॉम कंट्रोलचंही तेच. त्याचा आर-थ्रेशोल्ड मुळात शून्य असतो, आणि शून्य म्हणजे अक्षरं आल्याचा इव्हेंट सोडूच नको. या भागात असे जुने प्रोग्राम अजून चालू आहेत, म्हणून लिहितोय. जे-सिरियल-कॉम ही लायब्ररी वापरत असाल तर कोणते इव्हेंट हवेत हे लिसनरच एका मेथडमधून सांगतो. तिथं चुकीचा आकडा परत केला तरी हाच प्रकार.

आणि एक. सिरियल पोर्टचा इव्हेंट म्हणजे पूर्ण ओळ नव्हे. १२३४० किलोचं वजन कधी १२ आणि ३४० अशा दोन तुकड्यांत येतं. तुकडे जोडून ओळ पुरी झाली की मगच आपला 'वजन बदललं' इव्हेंट सोडायचा. अर्धवट आकडे दिसत असतील तर लिसनर खोदत बसू नका, तुकडे जोडणारा भाग बघा.

दुसरं: लिसनर मोजा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि लोक हीच सोडून थेट कोड वाचायला बसतात. इव्हेंट सोडण्याच्या क्षणी यादीत किती लिसनर आहेत तो आकडा लॉगमध्ये छापा. स्विंगच्या (जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीच्या) बटणाला गेट-ॲक्शन-लिसनर्स विचारता येतं. जावाची तयार इव्हेंट-लिसनर-लिस्ट वापरली असेल तर तिला गेट-लिसनर-काउंट विचारा. स्वतःची यादी असेल तर तिचा साइझ.

शून्य आलं तर नोंदणी झाली नाही, दुसरीकडेच झाली, किंवा होऊन गळून पडली. अपेक्षेइतकं आलं आणि तरी काही होत नाही, तर भानगड लिसनरच्या आत किंवा थ्रेडमध्ये (प्रोग्रामात एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वेगळ्या धाग्यांत). अपेक्षेपेक्षा जास्त आलं तर दोन पावत्यांचं उत्तर मिळालंच.

तिसरं: आकडा शून्य असेल तर

बहुतेक वेळा नोंदणी झालेली असते, पण भलत्याच वस्तूवर. डिझायनरनं एक काटा आधीच बनवलेला असतो. प्रोग्रामरनं कन्स्ट्रक्टरमध्ये 'न्यू' लिहून दुसरा बनवला आणि लिसनर त्याच्यावर नोंदवला. वजन पहिल्यावर येतं, कान दुसऱ्याला लावलेला. दोन्ही ठिकाणी सिस्टिम-आयडेंटिटी-हॅश-कोड छापा. आकडे वेगळे आले की वस्तू वेगळ्या. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून प्रोजेक्टला येणारी मुलं ही तपासणी सगळ्यात उशिरा करतात, कारण व्हेरिएबलचं नाव दोन्हीकडे एकच असतं.

थोडा वेळ चालून मग शून्यावर येत असेल तर यादीत वीक-रेफरन्स ठेवलाय का बघा. मेमरी साचू नये म्हणून कुणीतरी लिसनर कमकुवत दुव्यानं धरून ठेवतं, आणि लिसनर असतो जागच्या जागी लिहिलेला लॅम्बडा (बिननावाचं छोटं फंक्शन). त्याला दुसरं कुणीच धरलेलं नसतं, म्हणून गार्बेज कलेक्टर (बिनवापराच्या वस्तू मेमरीतून काढणारा) आला की तो जातो. लिसनर त्या खिडकीच्या एखाद्या फील्डमध्ये ठेवला की खिडकी असेपर्यंत टिकतो.

आणि पहिल्या गाडीचं वजन येत नसेल तर बहुधा उशीर हेच कारण: आधी पोर्ट उघडला, वजन आलं, इव्हेंट सुटला, आणि मग कुणीतरी नोंदणी केली. इव्हेंट कुणासाठी थांबत नाही. आधी सगळ्यांची नोंदणी करायची, मग पोर्ट उघडायचा, आणि नोंदणी झाल्याबरोबर सध्याचं वजन एकदा मागून घ्यायचं.

चौथं: आकडा वाढत जात असेल तर

आपल्या भागात याचं हमखास कारण म्हणजे भाषा बदलण्याचं बटण. पावती आणि पडदा कन्नडमध्येही हवा, मराठीतही. ऑपरेटर दिवसभर एकातून दुसऱ्यात जात असतो; ऑफिसची प्रत कन्नडमध्ये, शेतकऱ्याला दाखवायची मराठीत. बऱ्याच प्रोग्रामांत भाषा बदलली की पूर्ण पॅनल नव्यानं बांधलं जातं, आणि नवं पॅनल काट्यावर स्वतःची नोंदणी करतं. जुनं पॅनल पडद्यावरून गेलं, पण काट्याच्या यादीतून कुणी काढलंच नाही. मग वजन आलं की दोघंही पावती छापतात. "दुपारनंतर तीन यायला लागल्यात बघा की" असा फोन आला की मी आधी विचारतो, "भाषा कितीदा बदलली?"

जावामध्ये एकच लिसनर दोनदा नोंदवला तर तो दोनदा बोलावला जातो. प्रॉपर्टी-चेंज-सपोर्टच्या (गुणधर्म बदलल्याचं लिसनरना कळवणाऱ्या जावाच्या क्लासच्या) दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय: जितक्या वेळा नोंदवाल तितक्या वेळा बोलावलं जाईल, आणि एकदा काढलंत तर एकदाच कमी होईल. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये तेच फंक्शन त्याच इव्हेंटसाठी पुन्हा नोंदवलं तर दुसरी नोंद टाकून दिली जाते. वेबवरून डेस्कटॉपवर आलेली माणसं इथं फसतात.

कोण नोंदवतोय ते शोधायला सोपी युक्ती आहे. नोंदणीच्या मेथडमध्ये नवा एक्सेप्शन (चूक झाल्याची खूण) बनवा, फेकू नका, फक्त त्याचा स्टॅक ट्रेस छापा. कुठल्या ओळीतून नोंदणी झाली ते लॉगमध्ये येतं. एकाच ओळीतून अनेकदा आली की चोर सापडला.

उपाय जोडीचा. ज्या ठिकाणी नोंदणी, त्याच्या समोरच्या ठिकाणी काढणं. पॅनल दाखवताना नोंदवलं तर लपवताना काढायचं. काढताना मात्र एक खड्डा आहे: नोंदवताना लॅम्बडा लिहिला आणि काढताना तोच मजकूर पुन्हा लिहिला, तर ती दुसरी वस्तू होते. काढणं गुपचूप फसतं, एररही येत नाही. मेथड रेफरन्सही त्याच जातीचा; दरवेळी तीच वस्तू मिळेल याची जावा हमी देत नाही. लिसनर एकदा फील्डमध्ये ठेवा, आणि नोंदवताना व काढताना तेच फील्ड द्या.

उलटा प्रकारही आहे. जुन्या कम्युनिकेशन्स एपीआयमध्ये एका पोर्टला एकच लिसनर चालतो. दुसरा नोंदवला की टू-मेनी-लिसनर्स-एक्सेप्शन. जे-सिरियल-कॉम तेही फेकत नाही, नोंदणीची मेथड नुसतं 'खोटं' परत करते. परत आलेली किंमत कुणी बघत नाही आणि दुसरा भाग बहिरा राहतो. पोर्टला एकच लिसनर द्या, आणि तो पुढं आपल्या इव्हेंटनं सगळ्यांना कळवील असं करा.

पाचवं: वजन सारखं आल्यावर नोंद का होत नाही

प्रॉपर्टी-चेंज-सपोर्टला जुनी आणि नवी किंमत सारखी दिली, आणि दोन्ही नल (रिकाम्या) नसतील, तर तो इव्हेंट सोडतच नाही. हा दोष नाही, तसंच बनवलंय. गाळप हंगामात एकाच टोळीच्या ट्रॉल्या लागोपाठ येतात आणि दोघींचा आकडा जुळणं काही अशक्य नाही. काटा मध्ये शून्यावर आला आणि तो शून्य प्रोग्रामनं पकडला तर प्रश्न येत नाही. पण कुणी फक्त 'स्थिर झालेलं वजन' हाच गुणधर्म ठेवला असेल, तर दुसरी ट्रॉली गायब. वजन हा गुणधर्म असू द्या, पण "गाडी मोजून झाली" यासाठी स्वतंत्र इव्हेंट जाहीर करा. त्याच्या इव्हेंट-ऑब्जेक्टमध्ये वजन, वेळ आणि गाडीचा नंबर असावा.

सहावं: लिसनरचा आकडा बरोबर आहे, तरी अर्धंच काम होतंय

इव्हेंट सोडणारा लूप एकामागून एक लिसनर बोलावतो. मधल्या एकानं एक्सेप्शन फेकला तर त्याच्या पुढच्यांपर्यंत लूप पोचत नाही. प्रिंटरचा कागद संपला, पावतीवाल्यानं एक्सेप्शन फेकला, आणि डेटाबेसवाला बोलावलाच गेला नाही. लक्षण कधी येतं, कधी नाही, ते यामुळे. प्रत्येक लिसनर बोलावताना त्याच्यापुरता ट्राय-कॅच लावा आणि आलेलं लॉगमध्ये लिहा. गिळून टाकू नका. कोण आधी बोलावला जाईल यावर काहीच अवलंबून ठेवू नका. इव्हेंट-लिसनर-लिस्टच्या नेहमीच्या लूपमध्ये शेवटी नोंदवलेला आधी बोलावला जातो, हेही पुष्कळांना धक्का देतं.

थ्रेडचं थोडक्यात: सिरियल पोर्टचा इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर येतो. तिथून थेट लेबलचा मजकूर बदलला तर पडदा कधी हलतो, कधी नाही. स्विंग-युटिलिटीजचं इन्व्होक-लेटर वापरा. उलट, डेटाबेसचं जड काम स्विंगच्या इव्हेंट थ्रेडवर केलं तर बटणं गोठतात. लूप चालू असताना एखादा लिसनर स्वतःला काढून घेतो आणि कन्करंट-मॉडिफिकेशन-एक्सेप्शन येतो. यादीसाठी कॉपी-ऑन-राइट-ॲरे-लिस्ट वापरली की ते मिटतं. ती २००४ च्या जावा ५ पासून आहे, तेव्हा "आमचा जावा जुना आहे" ही सबब चालणार नाही. आणि कुलूप (थ्रेडचं लॉक) धरून इव्हेंट सोडू नका. लिसनर काय करील याचा भरवसा नसतो. त्यानं दुसरं कुलूप मागितलं की दोघंही अडकतात.

सातवं: घोषणा

आता इंटरफेस. इथपर्यंत यायची वेळ कमी वेळा येते. डिझायनरला इव्हेंट दिसत नसेल तर मात्र थेट इथंच या.

१९९७ मध्ये जावा १.१ बरोबर जावाबीन्स आले आणि इव्हेंटची आजची पद्धत रुळली. डिझायनर कोड वाचत नाही, मेथडच्या नावांचा साचा बघतो. म्हणून साचा मोडला की तो गप्प बसतो. कंपायलर मात्र खूश असतो. बघायचं ते असं. इव्हेंटचा क्लास इव्हेंट-ऑब्जेक्टपासून आलेला असावा आणि त्याला सोर्स (इव्हेंट सोडणारी वस्तू) दिलेला असावा. सोर्स नल दिला तर तो बनतानाच एक्सेप्शन फेकतो. लिसनरचा इंटरफेस इव्हेंट-लिसनरपासून आलेला असावा. त्या मूळ इंटरफेसमध्ये एकही मेथड नाही, म्हणून "काय उपयोग" म्हणून मुलं तो गाळतात, आणि नेमकी तीच खूण डिझायनर शोधत असतो. मग ॲड-वेट-लिसनर आणि रिमूव्ह-वेट-लिसनर अशी जोडी: दोन्ही पब्लिक, दोन्ही काही परत न करणाऱ्या, दोन्हींना वेट-लिसनर हा एकच प्रकार. साखळीनं लिहिता यावं म्हणून ॲड मेथडनं स्वतःलाच परत केलं तर साचा मोडतो. नुसती ॲड लिहून रिमूव्ह लिहिलीच नाही तरीही मोडतो.

ॲडॅप्टर क्लास (इंटरफेसच्या सगळ्या मेथड रिकाम्या लिहून ठेवलेला) वापरला असेल तर मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं तरी कंपायलर बोलत नाही, कारण ती नवी मेथड समजली जाते. प्रत्येक ठिकाणी ओव्हरराइडची खूण लावा.

आठवं: जारचा गोंधळ

इंटरफेसमध्ये नवी मेथड घातली, काट्याची जार बदलली, पण पावतीची जार जुनीच राहिली. काटा नवी मेथड बोलावतो, जुन्या लिसनरकडे ती नाही, म्हणून ॲब्स्ट्रॅक्ट-मेथड-एरर. दोन्ही पुन्हा कंपाइल करा. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड देता येते. नवी मेथड तशी दिली तर जुने लिसनर मोडत नाहीत. फोल्डरमध्ये एकाच जारच्या दोन आवृत्त्या पडल्यात का तेही बघा. जुनी "बॅकअप" म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची सवय फार.

नववं: मेमरी

संध्याकाळी जड होणारा प्रोग्राम चौथ्या तपासणीनंतरही सुधारला नाही, तरच इकडे. हीप डंप (प्रोग्रामच्या मेमरीची प्रत) काढा, व्हिज्युअल-व्हीएममध्ये उघडा, आणि बंद केलेल्या पॅनलचा क्लास शोधा. त्याच्या वस्तू जिवंत दिसल्या तर त्यांना कुणी धरलंय ते बघा. बहुतेक वेळा साखळी काट्याच्या लिसनर यादीत संपते. डंप वाचायची सवय नसेल तर त्यात दिवस घालवू नका. सवय असलेल्याला डंप पाठवा. त्यात शेतकऱ्यांची नावं आणि हिशेब असू शकतात, तेव्हा वाटेल त्या ग्रुपवर टाकू नका.

कुठं थांबायचं

इंडिकेटरवरचं वजनच चुकत असेल, किंवा गाडी नसताना आकडा नाचत असेल, तर हा प्रोग्रामचा विषय नाही. लोड सेल, जंक्शन बॉक्स आणि इंडिकेटरचं सील याला हात लावायचा नाही. वैधमापन खात्यानं सील केलेला काटा आपण उघडला तर तो कायद्यानं वापरण्याजोगा राहत नाही. लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्याला बोलवा.

काट्याचा कॉम्पोनंट बाहेरच्या कंपनीचा असेल आणि सोर्स कोड हातात नसेल, तर पहिल्या चार तपासण्या करा आणि लॉगसकट त्यांना कळवा. जार उघडून क्लास बदलणं टाळा. पुढच्या आवृत्तीत तुमचा बदल वाहून जातो आणि जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

दोन पावत्यांमुळे डेटाबेसमध्ये दुहेरी नोंदी गेल्या असतील तर त्या स्वतः पुसू नका. ऊसबिल त्यावर निघतं. आधी बॅकअप घ्या, दुहेरी नोंदींची यादी काढा आणि हिशेब विभागाकडे द्या. रद्द करायचं ते त्यांनी करायचं.

आणि हंगाम भरात असताना, गेटबाहेर ट्रॉल्यांची रांग असताना, सातव्या तपासणीच्या पुढं जाऊ नका. तात्पुरता इलाज म्हणून शिफ्ट बदलताना प्रोग्राम बंद-चालू करायला सांगा, आणि भाषा बदलायचं बटण तेवढ्यापुरतं लपवा. जाणकाराला बोलवायचं ठरलं तर लक्षणाचा कागद, लिसनरच्या आकड्यांचा लॉग, नोंदणीचे स्टॅक ट्रेस, जावाची आवृत्ती आणि जारच्या फोल्डरची यादी आधीच पाठवा. एवढं हातात असलं तर बेळगावहून अथणीपर्यंतची त्याची फेरी बऱ्याचदा वाचते.